गेटबाहेरचा कचरा

१२ जून

प्रिय वहिनी,

फोनच करणार होते. पण तुमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर, आणि गच्चीवर गेलीस की "ऐकू येतंय का?" याच्यापुढे आपलं संभाषण जात नाही. म्हणून पत्र. दादाला वाचून दाखव, शिव्या गाळून.

तर, तुझ्या नणंदेला बढती मिळाली आहे. मी आता विद्यापीठाच्या कचरा समितीची प्रमुख. वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणजे पालापाचोळ्याची जाण असणारच, असं कुलसचिवांचं म्हणणं. माझं नाव जाहीर झालं तेव्हा सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. काम आपल्या गळ्यात पडलं नाही याच्या त्या टाळ्या होत्या, हे मला खोलीत आल्यावर कळलं.

इथे प्रत्येक इमारतीसमोर तीन डबे आहेत. ओला, सुका, बाकीचा. भिंतीवर चित्रं, बाण, सूचना. मुलं बिचारी चहाचा कप हातात धरून कुठे टाकायचा याचा विचार करत उभी राहतात. मी वाचनालयाच्या मागे जाऊन थांबले, तर सफाईची ट्रॉली आली आणि तिन्ही डबे एकापाठोपाठ एक तिच्यात उपडे झाले. मी म्हटलं, "अहो, हे काय?" सफाईवाल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, ट्रॉली एकच आहे."

कुलसचिवांना सांगितलं. ते म्हणाले, "डबे आले ना? मग ट्रॉल्याही येतील. सगळं एकदम कसं होईल?" डबे माझ्या नोकरीच्या आधीपासून तिथे आहेत, वहिनी.

शिवाय आमचे मुख्य माळी. त्यांचं प्रत्येक वाक्य 'नाही'ने सुरू होतं, म्हणून मुलं त्यांना नाहीकाका म्हणतात. रोज सकाळी झाडून सगळा पाला वसतिगृहामागे पेटवून देतात. मी म्हटलं, खतासाठी मला द्या. "नाही. धुराने डास जातात." वसतिगृहात डास तर आहेतच, वर धूरही आहे.

पुढच्या वर्षी माझ्या कायम नेमणुकीचा विचार व्हायचा आहे, त्यामुळे हे काम टाळता येणार नाही. आणि खरं सांगू, मला ते करायचंही आहे. तेवढं दादाला सांगू नकोस, चिडवेल.

तुझी,
कचरावाली नणंद

२५ जून

प्रिय वन्सं,

बढतीबद्दल अभिनंदन. तुमचा दादा बसडेपोत इंजिनं उघडतो, तुम्ही डबे उघडता. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, दोन्ही पोरांना हात काळे करायची भारी हौस.

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं. शिव्या गाळल्या नाहीत, उलट दोन पदरच्या घातल्या. तुमचा दादा हसला. एरवी रविवारी गुडघ्याला तेल लावताना तो कधी हसत नाही, म्हणून सांगतेय.

ट्रॉली एकच आहे ना, मग तिच्यात मोठ्या पिशव्या ठेवा. माझ्याकडे मंडपवाल्याचं जुनं जाड कापड पडून आहे, टाकवत नाही आणि कशाला उपयोगीही पडत नाही. त्याच्या पोत्याच्या मापाच्या पिशव्या शिवून देते. सुक्या कचऱ्याच्या पिशव्यांना निळा काठ लावते, ओल्याच्या हिरवा. तळाला दुहेरी शिवण घालीन. तुमच्या प्राध्यापकांनी त्यात पुस्तकं भरली तरी फाटणार नाहीत.

शाळेच्या गणवेशांचं काम यंदाही मलाच मिळालंय. मागच्या खोलीत मशीन लावलंय, खिडकीतून खाणीकडचा वारा येतो. ती दगडाची खाण बंद पडल्यापासून फार शांत झालंय इथे.

पिशव्या दादाच्या डेपोतल्या बसने पाठवते. कंडक्टरला चहा पाजा.

तुमची,
वहिनी

१९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तुझ्या पिशव्यांनी इथे राज्य केलंय! सफाईवाल्या बाईंनी आधी हातात घेऊन ताणून पाहिल्या, मग म्हणाल्या, "घरच्या माणसाने शिवल्यात वाटतं." मी म्हटलं, हो.

बाकी मात्र नाकी नऊ आले. कॅन्टीनच्या मागे खताचा पहिला ढीग लावला. उरलेलं अन्न, भाजीची देठं, फळांच्या साली. ओलं भरपूर, सुकं काही नाही, कारण पाला नाहीकाका जाळत होते. आठवड्याभरात तो आंबला. वास इतका की गणिताच्या विभागाने खिडक्या बंद करून निवेदन दिलं. त्यात प्लास्टिकचे चमचे. मुलांना शंभरदा सांगितलं, तरी चमचे. एक दिवस मी हात घालून चमचे वेचत असताना कुलसचिव पाहुण्यांना घेऊन तिथूनच गेले. माझी ओळख करून दिली नाही.

पण त्याच दिवशी पाहुण्यांना पाल्याच्या धुराने ठसका लागला आणि पाला जाळायला बंदी आली! मी महिनाभर जे सांगत होते ते एका ठसक्याने झालं. आता थरावर थर लावतो, ओलं, पाला, पुन्हा ओलं. परवा ढीग उकरला तर आतून वाफ आली आणि वास अजिबात नाही. मी नाहीकाकांना हात लावून पाहायला सांगितलं. "नाही, गरम आहे," म्हणाले. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

मोठी बातमी ही की सुक्या कचऱ्यासाठी ठेकेदार नेमलाय. कागद, कप, प्लास्टिक, सगळं तुझ्या निळ्या काठाच्या पिशव्यांत भरून त्याच्या ट्रकमधून जातं. तो ते कारखान्यात नेतो, तिथे कागदाचा नवा कागद होतो आणि प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरतात. दर महिन्याला तसं प्रमाणपत्र देतो. म्हणजे आता आमच्याकडून डंपिंग ग्राउंडवर जवळजवळ काहीच जात नाही. तुझ्या शिवणीचा त्यात वाटा आहे, हे लक्षात ठेव.

तुझी,
आंबलेल्या वासाची नणंद

६ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. आता तुमच्याच खात्यातला एक प्रश्न विचारते.

आमच्या मागच्या खाणीत ट्रक येऊ लागलेत. आधी वाटलं, पुन्हा दगड काढणार. तर ते कचरा ओततात. संध्याकाळी कोणीतरी तो पेटवून देतं आणि धूर सरळ माझ्या शिवणाच्या खोलीत येतो. तुमच्या दादाने ट्रकवाल्याला हटकलं, तर तो म्हणाला, "जागेच्या मालकाची परवानगी आहे." मालक कोण, ते सांगेना.

तक्रार कुठे करायची? नगरपालिकेत गेले होते, तिथल्या कारकुनाने सांगितलं की खाण त्यांच्या हद्दीत येत नाही. ग्रामपंचायत म्हणते त्यांच्या हद्दीत येत नाही. आमच्या घरामागे बहुतेक कोणाचीच हद्द नाही. तुम्ही एवढ्या समितीच्या प्रमुख, काहीतरी रस्ता दाखवा.

वहिनी

२८ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

उशिरा लिहितेय, माफ कर. अहवालाच्या कामात मान वर करता आली नाही.

खाणीचं वाचलं. वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. जोपर्यंत लोक घरातच ओला-सुका वेगळा करत नाहीत, तोपर्यंत हे असंच चालणार. तुमच्या गल्लीत एकाच्या तरी घरी दोन डबे आहेत का? आधी शेजारच्या बायकांना जमव, त्यांना समजावून सांग. माझ्याकडची छापील पत्रकं सोबत पाठवतेय. आमच्यासारख्या मोठ्या संस्थेत जे जमलं ते एका गल्लीत का जमू नये?

एक सांगू का, आमच्या विद्यापीठाचं नाव हरित संस्थेच्या सन्मानासाठी गेलंय. अहवाल मीच लिहितेय. निकाल जानेवारीत.

तुझी,
नणंद

१७ ऑक्टोबर

वन्सं,

पत्रकं मिळाली. कागद चांगला आहे.

सन्मानाचं ऐकून दादाला फार आनंद झाला. सध्या मी काम कमी घेतेय. डोळे थकलेत. बाकी ठीक.

वहिनी

९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

चार ओळींचं पत्र तू आजवर कधी लिहिलं नव्हतंस. डोळ्यांचं एवढं झालं आणि कळवलं नाहीस? इथल्या डॉक्टरांना विचारून शिवणकामाचा चष्मा पाठवतेय, जवळचं स्पष्ट दिसेल. रोज लाव. आणि गणवेशांचं काम सोडू नकोस, हळूहळू कर.

खत तयार झालं! काळं, भुसभुशीत. नाहीकाकांनी मूठभर हातात घेतलं, हुंगलं, आणि म्हणाले, "नाही मॅडम, हे खत नाही. ही तर मातीच आहे." मी म्हटलं, काका, तेच तर करायचं होतं. तरी गुलाबांना घालू देत नाहीत. कुंपणाच्या मेंदीला घातलंय, मेली तर मेली म्हणून.

सन्मान जवळजवळ नक्की आहे. तुम्ही दोघांनी समारंभाला यायचं. दादाला रजा काढायला सांग.

तुझी,
नणंद

१४ डिसेंबर

वहिनी,

महिना उलटला, तुझं पत्र नाही. दादाला डेपोत फोन केला तर "सगळं छान आहे" म्हणाला आणि ठेवला. सगळं छान असतं तेव्हा दादा अर्धा तास कुरकुर करतो, हे मला माहीत नाही का?

स्पष्ट विचारते. माझं चाललेलं तुम्हाला बघवत नाही का? समारंभाला यायचं म्हटलं त्यावर हो नाही, नाही नाही. मी इथे एकटी सगळ्यांशी भांडतेय. घरातल्या दोन माणसांनी तरी शाबास म्हणावं एवढीच अपेक्षा होती.

नणंद

२१ डिसेंबर

वन्सं,

तुम्ही शाबासकी मागितलीत म्हणून लिहायला बसले. दादाला न सांगता लिहितेय. त्याने मला शपथ घातली होती.

सप्टेंबरच्या शेवटी धूर इतका वाढला की आम्ही दोघं खाणीत उतरलो. तुमची पत्रकं यायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. नुकताच ट्रक ओतून गेला होता. ढिगावर एक पिशवी पडलेली, निळ्या काठाची. मनात म्हटलं, माझ्यासारखं शिवणारं आणखी कोणी आहे वाटतं. उलटी करून पाहिली. तळाला दुहेरी शिवण. कोपऱ्यात वजन पेलायला त्रिकोणी ठिगळ. आणि एका कडेला निळा दोरा संपला म्हणून मी जांभळा वापरला होता, तो जांभळा.

आत कागदी कप होते, आणि तुमच्या विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका. तशा पिशव्या सगळ्या ढिगात होत्या.

तुमच्या दादाने ती पिशवी रिकामी करून काखेत मारली. मग म्हणाला, "तिला कळवायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचं कोणी कौतुक करतंय." मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी तुमची पत्रकं आली, शेजारच्या बायकांना समजावून सांगायची. शेजारच्या बायका घरात दोन डबे ठेवतात, वन्सं. भाजीचा कचरा आम्ही कधीच फेकत नाही, परसात मुरवतो. खाणीतला कचरा आमचा नाही.

डोळे ठणठणीत आहेत. तुमचा चष्मा लावला की एका सुईच्या दोन दिसतात. काम कमी झालं ते धुरामुळे. मुख्याध्यापिकेने गणवेशांचा गठ्ठा परत पाठवला, कापडाला जळका वास येतो म्हणून. दोनदा धुतले. वास जात नाही. पुढचं काम त्यांनी दुसरीकडे दिलं.

आता तुम्ही ठरवा काय ते. आणि बघवत नाही असं पुन्हा लिहिलंत तर मी तिथे येऊन बोलेन.

वहिनी

८ जानेवारी

प्रिय वहिनी,

परत येऊन पोचले. तीन दिवस तुमच्याकडे होते, पण तुला जे सांगायचं होतं ते तोंडून निघालं नाही. पत्रकांबद्दल मला क्षमा कर. दादाने खाणीच्या काठावर मला धरून ठेवलं होतं, पडेन म्हणून नाही, मी खाली उतरून हाताने सगळं उपसायला लागेन म्हणून. माझ्या केसांना अजून तो वास आहे. तू तिथे रोज बसून शिवतेस.

आल्या आल्या कुलसचिवांकडे गेले. तुझी पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी आधी फाइली बाजूला सरकवल्या, डाग पडू नये म्हणून.

मी म्हटलं, "सर, ठेकेदाराची प्रमाणपत्रं खोटी आहेत. कारखाना वगैरे काही नाही. सगळं एका खाणीत ओतून जाळतात."

"मॅडम, कचरा गेटच्या बाहेर गेला की तो आपला राहत नाही. करारात तसं स्पष्ट आहे."

"मग कोणाचा होतो?"

"ठेकेदाराचा."

"पण पडलाय तो माझ्या वहिनीच्या घरामागे!"

"मग हा तुमचा घरगुती प्रश्न झाला," असं म्हणून त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला. कागदी कपात आला.

मी सांगितलं, सन्मानाच्या अंतिम अहवालावर मी सही करणार नाही. ते म्हणाले, "नका करू. सही कोणीही करू शकतं. फक्त तुमच्या नेमणुकीची फाइल माझ्याकडेच यायची आहे, तेवढं लक्षात असू द्या." आवाज अगदी मऊ. वहिनी, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला भांडायला समोर माणूस तरी मिळाला असता.

सही केली नाही. दादाला सांग, त्याने शपथ घातली ती चुकीची होती, पण मला राग नाही.

तुझी,
नणंद

२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

समारंभ झाला. सन्मान मिळाला. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी सही केली आणि अहवालही वाचला, त्यांनी जन्मात कधी खताचा ढीग पाहिलेला नाही. मी शेवटच्या रांगेत होते. नाहीकाका माझ्या शेजारी, नव्या टोपीत.

शेवटी पाहुणे म्हणाले, काही प्रश्न असतील तर विचारा. असं म्हणायची पद्धत असते, विचारायची नसते. मी उभी राहिले. म्हटलं, "सुका कचरा ट्रकमधून जातो तो शेवटी कुठे जातो, हे इथल्या कोणी जाऊन पाहिलंय का?"

सगळे वळून बघायला लागले. पाहुणे म्हणाले, "फार चांगला प्रश्न आहे." आणि निवेदकाने चहापानाची घोषणा केली. झालं. लोक उठले, खुर्च्या वाजल्या. सन्मान देणाऱ्या संस्थेला मी पत्रही लिहिलंय. 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे' एवढं उत्तर आलं. नोंद घेणारी माणसं या देशात किती आहेत, आणि ती त्या नोंदींचं काय करतात, हे मला एकदा कोणी सांगावं.

पण चहाच्या रांगेत माझ्या वर्गातल्या पाच-सहा मुली आल्या. "मॅडम, कुठे जातो?" मी पत्ता दिला. त्या येत्या शनिवारी बसने तिकडे येतील. रागावू नकोस. त्यांना खाणीपर्यंत सोडायला दादाला सांग.

तुझी,
नणंद

१६ मार्च

प्रिय वन्सं,

तुमच्या मुली गुणाच्या आहेत. खाणीत उतरल्या, फोटो काढले, वर येऊन एकीने उलटी केली आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पोटभर चहा घेतला. निघताना पिशव्या मोजू लागल्या तेव्हा तुमचा दादा म्हणाला, राहू दे पोरींनो, शिवणाऱ्या बाईला पाठ आहेत.

त्यांचे फोटो वर्तमानपत्रात आले हे तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतरच्या आठवड्यात एक जीप आली, कोणीतरी साहेब काठावर उभे राहून बघून गेले. हद्द अचानक सापडली म्हणायची. आता ट्रक बंद झालेत. खाणीच्या तोंडाला साखळी लागलीय. धूर नाही. शाळेकडूनही माणूस विचारायला येऊन गेला.

हे तुम्हाला आनंदाने कळवायचं होतं. दोनदा लिहायला बसले आणि उठले.

काल एक बाई कपडे शिवायला आली. डोंगराच्या पलीकडून आली होती, दोन बस बदलून. लेकीचे दोन झगे शिवायचे होते. माप घेताना मी सहज म्हटलं, एवढ्या लांब कशाला आलात? तर म्हणाली, "आमच्याकडच्या शिंपिणीने काम बंद केलंय. ओढ्याशेजारी बसते ती. तिथे पंधरा दिवसांपासून ट्रक येऊन काय काय ओततात, रात्रंदिवस जळतं. कापडाला वास लागतो."

माझ्या हातातली टेप तशीच राहिली. तिला काय सांगू, वन्सं? कपडे पंधरा दिवसांनी न्या, एवढंच म्हटलं. पैसे घ्यायला हात पुढे होईना.

तुमचा दादा म्हणतो, आपल्या मागची पीडा गेली, आता गप्प बस. असं म्हणून तो स्वतःच रात्रभर जागा होता.

वहिनी

२३ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वर्गात जाता जाता वाचलं आणि वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही.

इथली हकिकत थोडक्यात सांगते. मला समितीतून काढलं. नेमणूक कायम झाली नाही, आणखी एक वर्ष तात्पुरती. ठेकेदाराला विद्यापीठाने नोटीस दिली आणि पुन्हा त्यालाच ठेवलं, कारण दुसऱ्या कोणी अर्ज केला नाही. त्याने खाण सोडून ओढा धरला असणार. कुलसचिवांना विचारलं. ते म्हणाले, "खाणीचा प्रश्न सुटला ना? तुमचीच तक्रार होती." मी हात टेकले, वहिनी. खरंच टेकले, त्यांच्या टेबलावर, दोन्ही, आणि निघून आले.

खताचे ढीग मात्र चालू आहेत. ते नाहीकाकांकडे गेलेत आणि ते मला तिथे फिरकू देत नाहीत. "नाही मॅडम, थर बिघडतात." कॅन्टीनमध्ये कागदी कप बंद झाले, कारण त्या मुलींनी आपापले पेले आणायला सुरुवात केली आणि त्यांचं बघून बाकीच्यांनी. म्हणजे ट्रक आता पूर्वीइतका भरत नाही. पण भरतो. आणि कुठेतरी जातो.

मी रविवारी येतेय. त्या बाईचा पत्ता आहे ना तुझ्याकडे? नसेल तर मापं घेताना गावाचं नाव सांगितलंच असेल. झगे तोवर शिवून होतील का? पंधरा दिवसांचा वायदा तू केला आहेस, पण ती दोन बस बदलून पुन्हा येण्यापेक्षा आपणच नेऊन देऊ. दादाला गाडीत तेल भरून ठेवायला सांग. तो यायला नाही म्हणणार नाही.

तिच्या दारात उभं राहून सांगावं लागेल, बाई, तुमच्या ओढ्यात पडतोय तो माझ्या विद्यापीठाचा कचरा आहे, आणि ज्या पिशव्यांतून येतो त्या हिने शिवल्या आहेत. हे रिकाम्या हातांनी जाऊन कसं सांगायचं? झगे घेऊनच जाऊ. त्या शिंपिणीचं घरही तिलाच विचारू.

तुझी,
नणंद